दरेकसा कोणी धरायचं?

आमच्या नाटक मंडळीत चार जण चहाला बसले की एक तरी किस्सा निघतोच. राईस मिलच्या मागे कोंडा साचतो तसे हे किस्से साचून राहिले आहेत, आणि निम्म्याहून जास्त एकाच लाकडी पेटाऱ्याचे आहेत. आमच्या गोंदियातल्या जुन्या हॉलचं पॅच पॅनल! विंगेत भिंतीला लावलेलं, भोकाभोकांचं. एका भोकात वायरची पिन खोचली की स्टेजवरचा एक लाइट लागतो. मी तिथं लाइट करतो, म्हणजे शिव्या खातो.

*

भोकांचे नंबर कधीच पुसले गेले. आमचे देवाजी काका रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांनी भोकांना स्टेशनांची नावं दिली. गोंदिया, गुदमा, आमगाव, सालेकसा, दरेकसा. नागपूरहून आलेल्या एका दिग्दर्शकानं तालमीत ऐकलं, "आमगाव सोड, सालेकसा घे." बिचारा काकुळतीनं म्हणाला, "भाऊ, नाटक झाल्यावर जा ना!"

*

एकदा कोर्टाच्या सीनला माझ्या पिना उलट्या लागल्या. जज अंधारात, आणि दाराशी उभा पट्टेवाला लख्ख उजेडात. जज अंधारात हातोडा चाचपत बसला. पट्टेवाल्यानं जरा वाट पाहिली आणि सरळ निकाल देऊन टाकला. आरोपी सुटला! आता पुढचा अख्खा अंक त्याच आरोपीच्या फाशीवर होता. नंतर पट्टेवाल्याला झापलं तर म्हणे, "लाइट माझ्यावर होता ना, मंग दुसरं कोन बोलनार होतं?"

*

मागे हॉलच्या कमिटीनं नवा कॉम्प्युटरवाला बोर्ड आणला. मस्त चीज आहे. पण धूळ बसेल म्हणून अजून प्लास्टिकमध्येच आहे. कोणी हात लावला की चपराशी धावत येतो. "नया है भैया, पुरानेवाले पे करो."

*

आता दरेकसा. हे भोक सैल, पिन हळूहळू खाली येते. काका तेंदूपत्त्याची घडी करून पाचर मारतात, पण पान वाळलं की पाचर ढिली. मग कोणीतरी हातानं दाबून उभं राहायचं.

सुषमा आमची हिरोईन, मुर्री गावची सून. तिच्यावरचा लाइट नेमका दरेकसावर. तिच्या सासूला नाटक म्हणजे नुसतं उंडारणं वाटायचं. शेवटी म्हातारीनं सांगून टाकलं, एक डाव स्वतः येऊन पाहीन, नाही पटलं तर नाटक बंद. सुषमाला जेवण गोड लागेना.

म्हातारीचे गुडघे दुखतात, हॉलच्या पायऱ्या उतरवेनात, म्हणून तिला विंगेतच पॅनलजवळ खुर्ची दिली.

सुषमाचा एकटीचा सीन सुरू झाला आणि पाचर निसटली. लाइट फडफडायला लागला. माझे दोन्ही हात उजेड कमीजास्त करायच्या डिमरवर, काका पलीकडच्या विंगेत. मी मानेनंच भोक दाखवलं. "आजी, तेवढं दरेकसा दाबून धरा!"

म्हातारी लगेच उठली, पॅनलकडं तोंड करून उभी राहिली आणि पिन दाबली ती सीन संपेपर्यंत. खुर्ची ओढून घ्या म्हटलं तर ऐकलंच नाही. बाहेर टाळ्या पडल्या.

सुषमा मेकअपमध्येच धावत आली, पाया पडली. "आई, कसं वाटलं?"

"मले का दिसलं वो? माहं तोंड भिताडाकडं होतं."

मग म्हातारी माझ्याकडं वळली.

"पुढच्या नाटकालेबी दरेकसा मीच धरीन. दुसऱ्या कोनाले देऊ नोको."