एका शब्दासाठी विट्यापर्यंत

साताऱ्याच्या स्टँडवरून सकाळी सव्वासहाची कराड गाडी मिळाली. सोबत पाण्याची बाटली, एक पेन आणि मीच लिहिलेलं एक पत्रक होतं.

पत्रकाची हकिकत आधी सांगते. मी कॉलेजात जीवरसायन शिकवते. माझी जुनी विद्यार्थिनी मनीषा मिरजेच्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. कर्करोगाच्या रुग्णांना वाटायला सोप्या मराठीत काही लिहून द्या, असं तिनं सांगितलं आणि मी लिहून दिलं. त्यानंतर काही महिन्यांनी तिचा फोन आला. विट्याजवळच्या शालनताई नावाच्या बाईंच्या मोठ्या आतड्यात गाठ होती. शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती, ती पुढे गेली. महिन्याभरात बाईंचं वजन सहा किलोंनी उतरलं होतं आणि रक्तही कमी झालं होतं. डॉक्टरांनी पंधरा दिवस दिले होते. तेवढ्यात अंगात ताकद आली नाही, तर तारीख पुन्हा पुढे जाणार होती, आणि गाठ काही तारखेची वाट बघत थांबत नाही. बाई डाळ, दूध, अंडी, मटण यातलं काहीही खात नव्हत्या. का, म्हणून विचारलं की पिशवीतून पत्रक काढून पेनानं रेघ मारलेली ओळ दाखवत. ‘प्रथिने पचवणारी विकरे कर्करोगाच्या पेशींना वाढायला व पसरायला मदत करतात.’

वाक्य माझं होतं आणि शास्त्राच्या दृष्टीनं बरोबर होतं (विकरे म्हणजे एन्झाइम). मनीषानं समजावून पाहिलं, पण छापलेलं खोटं कसं असेल, असं बाईंचं म्हणणं. “मॅडम, लिहिलंय तुम्ही,” मनीषा म्हणाली, “खोडायलाही तुम्हीच या.”

कराडला स्टँडबाहेर पोहे खाल्ले. मीठ कमी होतं. विट्याची गाडी लगेच मिळाली. कराड सोडलं की सुरुवातीला दोन्ही बाजूंना ऊसच ऊस असतो. पुढे तो विरळ होत जातो आणि टेकड्या उघड्या पडू लागतात. अलीकडे उपसा सिंचन योजनेचं पाणी पोचल्यामुळे मधेच एखादं हिरवंगार रान दिसतं आणि लगेच त्याच्याशेजारी खडकाळ माळ. कडेगावच्या पुढे गाडीचं चाक बसलं. कंडक्टरनं अर्धा तास सांगितला आणि तास लावला. आम्ही सगळे उतरून लिंबाच्या सावलीत बसलो. शेजारच्या बाईनं कुठं, कुणाकडं, अशी चौकशी केली. नाव ऐकताच तिनं हाताची करंगळी वर धरली. “गलाईवाल्याची शालन व्हय? आशी झालीया वाळून. डॉक्टरनंच खानं बंद केलंय म्हनं.” तो डॉक्टर आपल्या शेजारी बसलाय, हे मी तिला सांगितलं नाही.

विट्यात शालनताईंचे यजमान संपतराव मोटरसायकल घेऊन आले होते. गलाईच्या (जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या) धंद्यात त्यांची पंचवीस वर्षं कोइमतूरला गेली. या भागात हे नवल नाही. वाटेतल्या प्रत्येक गावात खांब, गच्ची, रंगीत काचा असलेली दोन मजली घरं दिसतात आणि निम्म्यांना कुलूप असतं, कारण मालक कुठल्या तरी दूरच्या शहरात मूस (धातू वितळवायचं भांडं) तापवत असतो. बायकोचं दुखणं कळल्यावर संपतराव दुकान मुलाच्या हाती देऊन परत आले होते.

शालनताई पन्नाशीच्या आतल्या. ब्लाउज खांद्यावरून ओघळत होता, आवाज मात्र ठणठणीत. पाहुणी येणार म्हणून त्यांनी सकाळीच मटण शिजत घातलं होतं. मला ताट वाढलं आणि स्वतःसाठी भात घेऊन त्यावर आमटीचं नुसतं वरचं पाणी घेतलं. डाळ खाली पातेल्यातच राहिली. मी जेवायला सुरुवात न करता विचारलं, असं का?

त्यांनी वर्गात उत्तर द्यावं तसं उत्तर दिलं. “पपईचा चीक लावला की मटान मऊ पडतं, तसं ह्या पेशी पचिवत्यात, आसं तुमीच लिवलंय. मग मटान आत ग्येलं की त्या पचवून दांडग्या व्हनार. म्हनून म्या त्यांचं जेवान तोडलं. ह्यात चुकलं कुठं, सांगा.”

पपईचा दाखला मीच हौसेनं दिला होता. पचवणं म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यांसमोर पोटच येणार, आणि यांची गाठही नेमकी आतड्यात. मी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेशी काढली, विकराच्या जागी कात्री काढली. संपतराव वाकून बघत होते. ते म्हणाले, “म्हंजी तेजाबावानी. आमी तेजाब ओततो, त्ये चांदी-तांबं खातं, सोनं सोडतं.” दाखला वाईट नव्हता, पण शालनताईंनी भाताचं ताटही पुढं सारलं. आत तेजाब, म्हणजे ॲसिड, आहे म्हटल्यावर त्यांना भातही नको झाला. मी संपतरावांना पाणी आणायला पाठवलं.

मग कात्री बाजूला ठेवून साधं सांगितलं. या पेशी तुमचं जेवण कापत नाहीत. प्रत्येक पेशीसमूहाभोवती शरीरानं विणलेली एक जाळी असते, हद्दीसारखी. गाठीतल्या पेशी ही विकरं बाहेर सोडतात, हद्द रोज थोडी थोडी कापतात आणि पलीकडे सरकतात.

शालनताईंच्या हातातली पळी थांबली. “बांध कोरत्यात म्हना की.”

बांध कोरणं म्हणजे दर नांगरटीला दोन शेतांमधली सामाईक हद्द चार बोटं कापून आपलं रान वाढवणं. संपतराव कोइमतूरला असताना त्यांच्या भावानं तेच चालवलं होतं, आणि सोळा वर्षं शालनताई एकट्या त्या दिराशी भांडत, मोजणी आणत उभ्या राहिल्या होत्या. पाणी घेऊन आलेल्या संपतरावांनी हे मान खाली घालून सांगितलं. आता प्रश्न त्या विचारू लागल्या. बांधातल्या मातीचा त्यांना उपयोग होतो का? होतो, मी म्हटलं. त्या जाळीत वाढीची द्रव्यं अडकलेली असतात, ती सुटतात आणि गाठीलाच मिळतात. “म्हंजी बांधावरचं गवत बी त्येच कापून नेनार. हुबेहूब माजा दीर.” मग कोरणं बंद करायला औषध नाही का? औषधं शोधली आणि वापरून पाहिली, पण वाटलं होतं तेवढं यश आलं नाही, हेही सांगितलं. कारण जखम भरताना शरीर स्वतः तसलीच विकरं वापरतं. सरसकट बंद करून चालत नाही. म्हणून तुमच्या बाबतीत गाठ काढणं महत्त्वाचं, आणि कापलेलं भरून यायला अंगात प्रथिनं हवीत.

त्यांनी पातेल्यातली डाळ पळीनं ढवळली.

“म्हंजी दिराच्या रागानं म्या माजीच बैलं उपाशी मारली.”

मी म्हटलं, तुमच्या ताटात मटण पडल्याशिवाय मी माझ्या ताटाला हात लावणार नाही. पाहुणी उपाशी राहणं त्या घरात शक्य नव्हतं. त्यांनी तीन फोडी घेतल्या, वर डाळही घेतली आणि नवऱ्याला म्हणाल्या, “हसू नगा, जावा भाकरी आना.” संपतराव हसत नव्हते. ते भाकरी आणायला गेले आणि बराच वेळ आतच राहिले. मटण तिखट होतं, चांगलं होतं.

दुपारी तासगावमार्गे मिरजेला निघाले. द्राक्षांचे मांडव आणि बेदाणा सुकवायच्या हिरव्या जाळीच्या शेड मैलोगणती दिसत राहिल्या. मिरजेत रुग्णालयाकडे जाताना सतारींच्या दुकानांवरून गेले, पण उतरायला वेळ नव्हता. मनीषानं पत्रकांचे उरलेले गठ्ठे समोर ठेवले. ती म्हणाली, बांध कोरणारी विकरे असंच छापू. मी नको म्हटलं. पुढचं पत्रक कुठल्या तरी गल्लीत, ज्यानं बांध कधी पाहिला नाही त्याच्या हातात जाईल. ‘पचवणारी’च्या जागी ‘पेशींभोवतीची जाळी कापणारी’ असं लिहिलं आणि पपई काढून टाकली. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत घातलं: या माहितीचा तुमच्या जेवणाशी संबंध नाही, डाळ-दूध-अंडी बंद करू नका.

मिरजेहून रेल्वेत खिडकी मिळाली. साताऱ्याचं स्टेशन गावापासून लांब. नेहमीसारखी रिक्षा नव्हती, चालत हमरस्ता गाठला.

शालनताईंची शस्त्रक्रिया ठरलेल्या पंधरा दिवसांनंतरच्या गुरुवारी झाली. पुढचं काय, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत आणि मीही अंदाज बांधत नाही. सव्वीस वर्षं मी मुलांच्या पेपरांत चुकीच्या शब्दाला अर्धा मार्क कापत आले. माझ्या एका बरोबर शब्दाला सहा किलो गेले. त्यातले अडीच परत आलेत.