दोरीवर राहिलेले बोंबील

चूक माझी होती. पुढे वर्षभर मी ती रखवालदारावर ढकलत राहिलो, ते खोटं.

ऐंशीच्या दशकात आम्ही चार विद्यार्थी माहुलला कोळ्यांच्या जीवनावर फिल्म काढायला गेलो. मुलुंडच्या ब्लॉकमध्ये पंख्याखाली बसून मी स्क्रिप्टमध्ये 'शोषण' हा शब्द अकरा वेळा लिहिला होता. बोंबील किती दिवसांत वाळतो, हे मात्र ठाऊक नव्हतं. एका मावशींनी त्यांच्या अंगणात शूटिंग करू दिलं. जबड्यात जबडा अडकवून त्या दोरीवर बोंबलांच्या जोड्या टांगत होत्या. शॉट अर्धा झाला आणि मागच्या तेलाच्या टाक्या दिसतात म्हणून तिथल्या रखवालदाराने कॅमेरा बंद करायला लावला.

"परवानगी घेऊन परवा येतो," मी रुबाबात म्हणालो. "तोवर काही हलवू नका. कंटिन्युइटी लागते."

"ती काय असते?"

"आज दिसलं तसंच परवा दिसायला पाहिजे."

"ठेवते. पण ये हां रे नक्की."

परवानगी मिळाली नाही. मग चहा पिता पिता आम्ही कोळ्यांना फिल्ममधून काढून टाकलं आणि जोगेश्वरीच्या लेण्यांत एक एकाकी तरुण बसवला. दाढी मित्राची, एकाकीपण माझं. आत उजेड नव्हता, निम्मी फिल्म काळी आली. त्याला आम्ही प्रतीक म्हटलं. मावशींना कळवायचं मला सुचलं होतं. कंटाळा केला.

दहा दिवसांनी, शूटिंगला उजेड परतवायला नेलेला आणि माहुललाच विसरलेला थर्माकोल आणायला गेलो, तर दोरी तशीच. बोंबील दवाने काळे पडलेले, अर्धे कावळ्यांनी नेलेले.

"आला गं हिरोइन, तुझा डायरेक्टर," शेजारीण म्हणाली. बाकीच्या हसल्या.

"आज घेणार ना फोटो?" मावशींनी विचारलं.

"कॅमेरा बिघडलाय," म्हणालो आणि थर्माकोल काखेत मारून निघालो.

वर्षअखेरीस फिल्म दाखवली. सर म्हणाले, "लेणी छान आहेत. पण ती तुमच्या आधीपासून आहेत." वर्ग हसला. तेव्हा कुठे मला ते अंगणातलं हसू आठवलं.

दुसऱ्या दिवशी माहुलला गेलो. "मावशी, कॅमेरा बिघडला नव्हता. आम्ही पिक्चरच बदललं."

त्यांचे हात दोरीवर चालूच होते. "मला तेव्हाच कळलं. मला काय सांगतोस? त्यांना सांग. अजून हिरोइन म्हणतात मला."

ओट्यावर शेजारच्या त्याच चौघी जवळा निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"मावशींनी शब्द पाळला," मी म्हणालो. "मी पाळला नाही, वर खोटं बोललो. मावशी, मला माफ करा."