साधा की रडका?

बर्नडीन कोवालच्या मेकअपच्या खुर्चीत जो कुणी बसे, त्याला ती पहिला प्रश्न हाच विचारी, "साधा की रडका?"

प्रश्न मस्काऱ्याचा असे. तिच्या टेबलावर दोन नळ्या होत्या. एक साध्या मस्काऱ्याची, डोळ्यांत पाणी आलं की गालावर काळे ओघळ आणणारी. दुसरी पाण्याला अजिबात दाद न देणारी. तिचं 'रडका' हे नाव बर्नडीननंच ठेवलं होतं, आणि शिकागोच्या त्या स्टुडिओत निर्मात्यांपासून दारवानापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं होतं. पॅटीचा गप्पांचा कार्यक्रम रोज दुपारी टीव्हीवर लागायचा, चित्रण सकाळी व्हायचं. नट्या, गायक, खेळाडू, पुस्तकं लिहिणारे, सगळे पॅटीच्या पिवळ्या सोफ्यावर जाण्याआधी बर्नडीनच्या हाताखालून जात. मिशीवाल्या फुटबॉलपटूलाही ती गंभीर चेहऱ्यानं विचारी, आणि तो बिचारा गोंधळून दाराकडे बघे.

रडका मागणाऱ्या बाईचे डोळे आज भरून येणार, हे तिला आधीच कळे. मग ती नाकातल्या नाकात हसे. रडायचं ठरवून आलेलं माणूस खोटं, एवढं तिचं साधं गणित होतं.

तिचा तरी काय दोष? तिनं पाहिलेलंच तसं होतं. सोफ्यावर हातात हात घालून बसणारी जोडपी जाहिरात लागली की दोन टोकांना सरकत. साखर सोडा म्हणून पुस्तक लिहिणारा डॉक्टर पाहुण्यांच्या खोलीत उभ्याउभ्या डोनट रिचवी आणि बोटं चाटत आत जाई. त्यात गेल नावाची निर्माती आदल्या दिवशी फोन करून प्रत्येकाचे किस्से काढून घ्यायची. दुसऱ्या दिवशी पॅटी आत्ताच सुचल्यासारखं विचारणार, "अगं, तुझ्या त्या पोपटाचं काय झालं?" आणि पाहुणी कपाळाला हात लावून म्हणणार, "अय्या, तुला कुणी सांगितलं?" सांगितलेलं तिनंच असायचं. प्रेक्षकांना टाळ्या आणि उसासे कुठे टाकायचे ते शिकवायला लू नावाचा जाडा माणूस होता. पाहुणी दोन जाहिरातींमधल्या कोणत्या भागात रडेल यावर त्याची आणि बर्नडीनची पैज लागे, आणि हरणाऱ्यानं सगळ्यांना डोनट आणायचे असत. बर्नडीनवर डोनट आणायची पाळी क्वचितच आली.

अशा जागी उभा जन्म गेला की नजर किडते. बर्नडीनची किडली. चर्चमधला पाद्री प्रवचनात गहिवरला की हिला वाटे, मागच्या वर्षी याच वाक्याला गहिवरला होता. खाटकानं सॉसेजचा तुकडा जास्त टाकला तर ती तो घरी येऊन हुंगून बघे. शेजारीण "कशी आहेस?" म्हणाली तरी हिला प्रश्न पडे, हिला काय हवंय? नवरा स्टॅन होता तोवर तो हसून म्हणायचा, "बर्नी, मी मेलो तर नाडी बघितल्याशिवाय रडू नकोस हो." तो गेला, आणि तिला हसणारं कुणी राहिलं नाही.

राहिली होती ती मुलगी, रेनाटा. ती ईस्टरनंतरच्या एका रविवारी आईकडे जेवायला आली होती. एकटीच. कोबीचे पिरोगी, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्या, ताटात निवत होते आणि रेनाटा एकाएकी रडायला लागली.

"मॉम, क्रेग माझा फोन तपासतो. गाडीच्या किल्ल्या लपवून ठेवतो. परवा त्यानं मला जिन्यावरून ढकललं."

क्रेग म्हणजे जावई. सासूच्या दारातलं बर्फ न सांगता उपसून देणारा, तिच्या हाताला चव आहे म्हणणारा. साऱ्या जगावर संशय घेणारी ही बाई नेमकी त्याच्यावर तेवढी विसंबली होती. तिची नजर सवयीनं मुलीच्या डोळ्यांकडे गेली. गाल ओले होते, हनुवटीवरून पाणी टपकत होतं, पण पापण्या जिथल्या तिथे. एक रेघ हललेली नव्हती.

"रडका लावून आलीस?" बर्नडीन म्हणाली.

रेनाटा त्या शब्दावरच वाढली होती. तिला अर्थ विचारावा लागला नाही. तिनं नाक पुसलं, आपलं ताट धुऊन जागेवर लावलं, कोट चढवला आणि गेली. त्यानंतर फोन नाही, काही नाही.

उन्हाळ्यात तिनं क्रेगला सोडलं. सरमॅक रोडवर एका धुलाईच्या दुकानावर खोली घेतली. हे बर्नडीनला नणंदेकडून, टेरेसाकडून कळलं. म्हणजे पोरगी खरं बोलत होती, असं मनात आलं की बर्नडीन लगेच दुसरं काहीतरी पुढे करी. नवरा-बायकोतलं कुणी पाहिलंय? टाळी एका हातानं वाजते का? आणि खरंच होतं तर एवढी नटूनथटून, तयारीनं कशाला आली होती?

डिसेंबरात टेरेसाचा फोन आला. "तुझी मुलगी नाताळच्या आदल्या संध्याकाळी कुणाकडेच जाणार नाही म्हणते. एकटीच बसणार आहे."

"मग मला काय सांगतेस? माझं दार काही बंद नाही."

"दार उघडं असून उपयोग काय, बर्नी? तू उंबऱ्यात उभी राहून येणाऱ्याची झडती घेतेस."

बर्नडीननं फोन आपटला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या पोलिश घरांत एक ताट जास्त मांडतात, अवचित कुणी दारी आलं तर त्याच्यासाठी. ती मनाशी म्हणाली, ते ताट असेलच की. यायचं असेल तर येईल. आपण होऊन बोलवायचं नाही. असं म्हणाली खरी, पण त्या आठवड्यात तिच्या हातून दोन पाहुण्यांच्या भुवया वाकड्या झाल्या.

त्याच आठवड्यात डेल्फिन रूर्क आली. टीव्हीवरच्या मालिकेत ती वर्षानुवर्षं डॉक्टरीण होती. बर्नडीननं स्वतः तिचं लग्न, अपहरण आणि दोनदा झालेला मृत्यू पाहिला होता. आता तिनं धाकट्या बहिणीच्या, नोराच्या, आजारपणावर पुस्तक लिहिलं होतं आणि ते घेऊन ती शहरोशहरी, एका कार्यक्रमातून दुसऱ्यात फिरत होती. खुर्चीत बसताच, बर्नडीननं तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "न ओघळणारा लावा हं. दुसऱ्या भागात लागेल."

बर्नडीनच्या अंगात उत्साह संचारला. भाग सांगणारी पाहुणी तिलाही पहिल्यांदाच भेटत होती.

"दुसऱ्याच का? तिसरा मोकळा आहे," ती गोडीत म्हणाली.

"तिसऱ्यात तुमचा आचारी टर्की भाजणार आहे," डेल्फिन डोळे मिटून म्हणाली. "टर्कीसमोर मी रडत नाही."

बर्नडीननं पापण्यांवर रडक्याचे दोन हात चढवले आणि बाहेर लूला दोन बोटं दाखवली. लू म्हणाला, "जा गं. आज तू पैज लावूच नकोस, मला डोनट परवडत नाहीत."

पडद्यावर सगळं ठरल्यासारखं झालं. दुसरा भाग. पॅटी जरा पुढे झुकली, आवाज खाली आणला. "डेल्फिन, नोराशी तू शेवटचं कधी बोललीस?" डेल्फिन म्हणाली, नोरानं इस्पितळातून फोन केला होता, लाल नेलपॉलिश घेऊन ये म्हणून. "मी म्हटलं, शनिवारी येते. शुक्रवारी ती गेली. मग मी शनिवारी गेले आणि तिची नखं रंगवली." एवढं बोलून ती थांबली. डोळ्यांतून पाणी आलं, गालांवरून खाली गेलं. लूला हात करावा लागला नाही, माणसं आपणच मुसमुसली. बर्नडीन पडद्यासमोर हाताची घडी घालून उभी होती. 'रंगवली' या शब्दानंतरचं ते थांबणं तिला फार सफाईदार वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर डेल्फिन मेकअप उतरवायला परत आली. बर्नडीननं कापूस तेलात बुडवून डोळ्यांखाली टेकवला, तशी ती दचकली.

"हळू. तिथं सोललंय."

बर्नडीननं दिवा जवळ ओढला. पावडरीखालची कातडी लालबुंद होती, कडेला पापुद्रे सुटले होते. सकाळी तिनंच त्यावर थर चढवला होता, पण तेव्हा तिचं सगळं लक्ष पैजेकडे होतं.

तरीही तिला राहवलं नाही. "रोज रडता वाटतं?"

"रोज. त्याच वाक्याला. मला वाटलं होतं चार-पाच शहरांत सरेल. सरत नाही." मग आरशातून तिनं बर्नडीनकडे नीट पाहिलं. "तुम्हाला खोटं वाटलं ना? वाटू दे. पण मी नटी आहे हो, बाई. खोटं रडायचं असतं तर साधाच मागितला असता. काळे ओघळ किती छान दिसतात कॅमेऱ्यात, माहीत आहे? उद्याच्या पेपरात फोटो. हा न ओघळणारा ज्याला दाखवायचं नसतं तो लावतो."

ती गेल्यावर बर्नडीन बराच वेळ टेबल पुसत राहिली. हेही ही बाई प्रत्येक शहरात प्रत्येक रंगारणीला म्हणत असेल, तिनं मनाशी म्हणून पाहिलं. म्हणत असेलही. पण म्हणणं खोडून काढता येईना. तिनं दोन्ही नळ्या हातात घेतल्या. आयुष्यभर त्या तिनं उलट्या वाचल्या होत्या. स्टॅनला पुरायच्या सकाळी तिनं स्वतः कोणता लावला होता? रडकाच. थडग्याशी रडायचं हे तिला ठाऊक होतं, आणि काळवंडलेला चेहरा घेऊन लोकांसमोर उभं राहायचं नव्हतं. ते रडणं काय खोटं होतं?

आणि रेनाटाला त्या रविवारी परत त्याच घरी जायचं होतं. क्रेगसमोर. रडून आलेली दिसली असती तर त्यानं पहिलं विचारलं असतं, आईला काय सांगून आलीस. पोरीनं आईपुढे रडता यावं आणि नवऱ्याला ते कळू नये, एवढीच तयारी केली होती. बर्नडीन पाहुण्यांच्या खुर्चीतच मटकन बसली. लू दारातून म्हणाला, "काय गं, कोण मेलं?"

शनिवारी दुपारी ती सरमॅक रोडला गेली. धुलाईच्या दुकानाशेजारून अरुंद जिना वर जात होता, साबणाचा गरम वास सुटला होता. दार बोटभर उघडलं. आत साखळी लावलेलीच होती. फटीतून रेनाटाचा अर्धा चेहरा दिसला. ती आधी आईच्या खांद्यावरून मागे जिन्याकडे बघत राहिली.

"त्यानं पाठवलं तुला?"

"कुणी?"

"क्रेगनं. तुझं बर्फ उपसतो ना तो. पत्ता काढायला सांगितलं असेल."

"बर्फ मी उपसते. परवा तो आला होता, मी फावडं काढून घेतलं," बर्नडीन म्हणाली. "खाली कुणी नाही. हवं तर खिडकीतून बघ."

रेनाटा खरोखर आत जाऊन खिडकीतून बघून आली. बर्नडीनला हे बघणं चांगलंच ओळखीचं होतं. तिचंच होतं ते. मुलीत उतरलं होतं. प्रवासभर घोकलेलं सगळं विसरून तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

रेनाटा फटीतून आईच्या पापण्यांकडे बघत राहिली. मग थंडपणे तिनं विचारलं, "साधा की रडका?"

"रडका," बर्नडीन म्हणाली. "खाली गाडीत बसून लावला."

"म्हणजे तयारी करून आलीस."

"हो. रडू येणार हे ठाऊक होतं. तुझ्यापुढे काळं तोंड घेऊन उभं राहायचं नव्हतं. पण ते मी त्या रविवारीच करून घेतलंय, ते काही मस्काऱ्यानं लपत नाही. तू खरं सांगत होतीस, रेनाटा. मी तुझे डोळे बघितले आणि तुला बघितलंच नाही."

खाली यंत्रं घरघरत होती.

"नाताळला टेरेसा येते आहे," बर्नडीन म्हणाली. "मी ते पाहुण्याचं ताट तुझ्यासाठी धरलं होतं. आली तर आली म्हणून. ते तसंच राहू दे, ज्याचं त्याला. तुझं ताट तुझ्या जागेवर मांडणार आहे, खिडकीकडे. यायचं की नाही ते तू बघ. एवढंच सांगायला आले होते."

ती वळली आणि कठडा धरून दोन पायऱ्या उतरली. मागे दार लागलं. ती तशीच थांबली. मग साखळी खडखडली आणि दार पुरतं उघडलं.

"मॉम," रेनाटा म्हणाली, "चहा टाकते."

बर्नडीननं वर पाहिलं. मुलीनं डोळ्यांना आज काहीच लावलेलं नव्हतं.