कंसातलं वाचणारी मुक्ता

मराठीच्या तासाला आम्ही कधीकधी नाटक वाचतो. पाठांतर नाही, वेशभूषा नाही; बाकावर बसून, पुस्तक हातात धरून ज्याने त्याने आपापले संवाद वाचायचे. काल सगळ्या भूमिका वाटून झाल्या आणि मुक्ता उरली.

"बाई, मला पार्टच नाही!" गाल फुगलेले.

मी घाईघाईत म्हटलं, "संवादांच्या मधे कंसात लिहिलेलं असतं ना, ते तू वाच."

तिने पहिलाच कंस खणखणीत वाचला, "राजा रागाने उठतो." राजा झालेला ओंकार आरामात रेलून बसला होता. मुक्ताने त्याच्याकडे रोखून बघत तेच पुन्हा वाचलं. ओंकार उठला, आणि खरंच रागाने. मग काय, तिने "प्रधान थरथर कापतो" म्हणायचा अवकाश, प्रधान कापायला लागे. वर्गाला रंग चढला.

मला वाटलं, घरोघरी संवाद सगळेच बोलतात, कंस कुणी वाचत नाही. माझी आई फोनवर रोज म्हणते, "मी मजेत आहे गं." त्या वाक्याआधीच्या कंसात काय असेल? या रविवारी जाऊनच यावं...

"बाई खिडकीबाहेर बघत बसतात," मुक्ताचा आवाज आला.

मी दचकले. "हे कुठे लिहिलंय गं?"

तिने पुस्तकातून मान वर केली नाही. "बाई हसू दाबतात."

तेवढं मात्र मला काही केल्या जमलं नाही.