मूळबाई आणि बिबट्याचे विशेषण

मूळबाई गेल्या महिन्यात गंगापूर रोडवरच्या आपल्या घरी वारल्या. वय एक्क्याऐंशी. महाविद्यालयात त्या प्राणिशास्त्र शिकवत. मूळबाई हे नाव आमच्या दैनिकाच्या डेस्कने ठेवले होते. अवघड इंग्रजी शब्द छापून आला, की त्या कात्रण घेऊन कार्यालयात येत आणि विचारत, "याचं मूळ काय?" नाव त्यांना ठाऊक होते. "माझ्या आडनावापेक्षा बरं आहे," असे त्या म्हणत.

कात्रण त्या कात्रीने कापत नसत, पट्टी धरून फाडत. चुकीखाली पेन्सिलीची रेघ असे. चहा समोर आला तरी दुरुस्ती लिहून होईपर्यंत कपाला हात लावत नसत. त्यामुळे आमच्याकडे दुरुस्त्या लवकर होत.

तीन हिवाळ्यांपूर्वी निफाडकडच्या एका वस्तीजवळ बिबट्या दिसला. बातमी मी लिहिली. 'बिबट्या निशाचर असल्याने रात्री घराबाहेर पडू नये' हे वाक्य माझे होते, कोणाला विचारून लिहिलेले नव्हते. बातमी आली त्या दिवशी अकरा वाजता बाई माझ्या टेबलासमोर होत्या.

"निशाचर कोणी सांगितलं?"

"सगळेच लिहितात, बाई."

"सगळे चुकले की तुझी चूक लहान होते का रे?"

रात्री तो फिरतोच, त्या म्हणाल्या, पण बाहेर पडतो दिवस मावळताना, आणि पुन्हा उजाडताना दिसतो. अशा प्राण्यांना इंग्रजीत क्रेपस्क्युलर म्हणतात. मग मूळ सांगितले. लॅटिनमध्ये 'क्रेपेर' म्हणजे अंधूक, आणि शंकास्पदही. दिवस आहे की रात्र, अशी शंका यावी ती वेळ 'क्रेपुस्कुलम'. त्यावरून इंग्रजीत आधी संधिप्रकाशाला आणि पुढे त्या वेळी हिंडणाऱ्या प्राण्यांना हा शब्द लागला.

मी तो दुरुस्तीत लिहिला. त्यांनी खोडला.

"हा तुझ्यासाठी सांगितला. वस्तीवरच्या आईला तिन्हीसांजा कळतं. तेच लिही."

नंतर त्यांनी विचारले, तिथली शाळा किती वाजता सुटते? मला माहीत नव्हते. फोन लावला. शाळा साडेपाचला सुटत होती. मुलांची घरची वाट उसातून, अर्ध्या तासाची.

"दुरुस्ती उद्या येईल," मी म्हणालो.

"पोरं आज जाणार आहेत." त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

पलीकडे गुरुजी होते. "मॅडम, पेपरात तुम्हीच रात्रीचं लिहिलंय. आम्ही तर उजेड हाय तोवरच पोरं सोडतो."

"तो उजेड त्याच्याही कामाचा आहे, गुरुजी. चारला सोडा."

"वरून विचारणा झाली तर?"

"माझं नाव सांगा. निवृत्त बाईची बदली कुठे करणार?"

गुरुजी हसल्याचे मलाही ऐकू आले. त्या दिवशी शाळा चारला सुटली. बाईंनी गार झालेला चहा घेतला, नवा करू दिला नाही.

दुरुस्ती दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चौकटीत आली. शाळा चारलाच सुटत राहिली. शाळेच्या वाटेवर, उसाच्या कडेला पिंजरा लावला गेला. पाचव्या दिवशी बिबट्या त्यात अडकला. विहिरीवरची मोटार बंद करायला आलेल्या शेतकऱ्याने दार पडल्याचा आवाज ऐकला, तेव्हा संध्याकाळचे पाच पन्नास झाले होते. मुले घरी पोचून तास उलटला होता.