दोन तारा

गवळी सर लिहिलेलं प्रत्येक वाक्य आधी बायकोला पाळायला लावत. आयटीआयमध्ये ते मोटार दुरुस्ती शिकवायचे, मी ड्रॉइंग. पाणबुडी मोटारीवरच्या त्यांच्या पुस्तकाच्या आकृत्या काढायला मी बेंबळीला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा वहिनी कुकरचं झाकण हातात धरून स्वयंपाकघरात उभ्या होत्या.

"'झाकण काढून बाजूला ठेवा' असं लिहिलंय," वहिनी म्हणाल्या. "कुठं ठेवायचं ते लिहिलेलं न्हाय. मघाधरनं उभी हाय."

सरांनी गंभीरपणे वही उघडली आणि 'कोरड्या जागी, उताणं' एवढं वाढवलं. मग वहिनींनी झाकण ठेवलं. मोटार घरात आणता येत नव्हती म्हणून कुकर.

"कथेत चूक झाली तर वाचणारा जांभई देतो," सर म्हणायचे. "आपल्या पुस्तकात वाचणाऱ्याचा हात तारंवर असतो."

सहा वर्षं असं चाललं. अखेर पुण्याच्या एका प्रकाशकानं पुस्तक छापलं. मागच्या पानावर फोटो होता दुसऱ्याच कुणाचा तरी. टाय लावलेला, दाट केसांचा. सरांच्या डोक्यावर केस नव्हते आणि टाय त्यांनी लग्नातही बांधला नव्हता. मी चिडलो. सर मात्र आतली पानं तपासत राहिले, आणि एका पानाशी येऊन खाली बसले.

मोटार उलटी फिरून पाणी कमी आलं, तर तीनपैकी दोन तारांची अदलाबदल करायची, असं त्यांनी लिहिलं होतं. तारा तीन असताना दोनच का, असं प्रकाशकाकडच्या मुद्रिततपासनिसाला वाटलं असावं. त्यानं 'तिन्ही' केलं होतं. तिन्ही तारांच्या जागा फिरवल्या, तर मोटार होती तशीच उलटी फिरते.

पंधरा दिवसांत अणदूरहून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं, मारुतीअण्णांचं, पत्र आलं. पुस्तकाबरहुकूम नऊ वेळा तारा बदलल्या, पाणी तेवढंच येतंय, कांदा माना टाकतोय, आता दहाव्यांदा बदलू का, असं विचारलं होतं. सरांनी रजा टाकली आणि मला मोटारसायकलवर मागं बसवलं.

अण्णा विहिरीपाशीच होते. सर म्हणाले, "पुस्तकात चूक झालीय. दोनच तारा बदलायच्या."

"कोण म्हणतंय?"

"मी म्हणतोय. पुस्तक म्याच लिहिलंय."

अण्णांनी पुस्तक उलटं केलं, फोटो पाहिला, सरांच्या डोक्याकडं पाहिलं. "न्हाय," ते शांतपणे म्हणाले. "हे सर येगळे. छापलेलं सोडून वाटंवरच्या माणसाचं ऐकू व्हय? मोटार जळली म्हंजी?"

मी बोलायला गेलो. सरांनी माझा दंड धरला. वाफ्यातल्या पिवळ्या पातीकडं पाहत ते म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. ह्या सरांनीच मला धाडलंय. मी त्यांच्या हाताखाली असतो."

"मग आधी सांगायचं की," म्हणत अण्णांनी स्टार्टरची पेटी उघडून दिली.

सरांनी वीज बंद केली, खात्री केली आणि दोन तारा बदलल्या. मोटार सुरू होताच मनगटाएवढी धार सुटली. अण्णा पाटात पाय घालून उभे राहिले. मग आम्हाला चहा पाजला. निघताना म्हणाले, "सरांना सांगा, माणूस लई गुणी ठेवलाय. पुढच्या पुस्तकाला तुमाला इचारून लिहा म्हणावं."

"सांगतो," सर म्हणाले.

सरांना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्याआधी दुसरी आवृत्ती निघताना त्यांनी प्रकाशकाला पत्र टाकलं होतं, तेव्हा मी शेजारीच होतो. पत्रात एकच ओळ होती: 'तिन्ही'च्या जागी 'दोन' करावे.

"आणि फोटोचं?" मी विचारलं.

सरांनी पाकीट चिकटवलं. "फोटो बघून कुणी तार जोडत न्हाय," ते म्हणाले.