जावेचं दुखणं

माझी धाकटी जाऊ नांदेडची. लग्न होऊन अहमदपूरला आली तेव्हा गल्लीतल्या बाया तिचा गोरा रंग बघायला आल्या होत्या. मला बघायला कुणी आलं नव्हतं. मी बिलोलीकडची, सावळी आणि घरात थोरली. म्हणजे गच्चीवरचं सगळं वाळवण माझ्या वाट्याला. कुरडया मी घालायच्या, डाळी मी उन्हात टाकायच्या. ती नुसती जिन्यापर्यंत आली तरी सासूबाई ओरडायच्या, "तू नको जाऊ गं पोरी, रंग उतरंल!" बाजारात निघाली की तोंडाला स्कार्फ, हातात मोजे, वरून छत्री. माझा नुसता जळफळाट व्हायचा. खोटं कशाला बोलू?

मग तिला मुलगा झाला. तो वर्षाचा व्हायच्या आतच ती गळून गेली. जेवून उठताना भिंतीला हात लावायची, जिन्यात दोन-दोनदा थांबायची. कंबर दुखती, मांड्यांत जीवच न्हाई, नडगीवर बोट दाबलं तरी कळ येती म्हणायची. पडेल म्हणून पोराला कडेवर घेणंही सोडलं. सासूबाई तिला जागेवर हळदीचं दूध नेऊन द्यायच्या.

मी भांडी आपटत म्हणायचे, "लई नाटकी हाय. काम दिसलं की हिची हाडं दुखतात." नवऱ्याला सांगितलं, नणंदेला सांगितलं, शेजारणीलाही सोडलं नाही.

आणि मला माहीत होतं. माझी सख्खी बहीण वर्षानुवर्षं घरात शिलाई मशीनवर बसून अशीच झाली होती, अशीच चौकट धरून उठायची. तिला दवाखान्यात मीच नेलं होतं. अंगाला ऊन नाही, ड जीवनसत्त्व कमी पडलंय, हे डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं होतं. जावेचा भिंतीवरचा हात बघितला त्याच दिवशी मी ओळखलं. पण तोंड उघडलं नाही. हळूहळू सासूबाईसुद्धा तिला आळशी म्हणायला लागल्या आणि मला मेलीला बरं वाटत होतं.

संक्रांत गेली, होळी गेली. एका सकाळी पोरगं पाळण्यात रडून लाल झालं. ती खाली बसलेली, तिला उठताच येईना. त्याच्याकडे हात करून नुसती बघत राहिली. मी पोराला उचललं.

"आवर," मी म्हणाले, "रक्त तपासून येऊ."

रिपोर्टात तेच निघालं. डॉक्टरांनी औषध दिलं, रोज उन्हात बसायला सांगितलं. "कधीपासून होतंय?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीपासून," ती म्हणाली. मी पर्सची चेन लावत बसले.

येताना ऑटोत ती रडतच होती. मी म्हटलं, "अगं, बरी होशील की. रडतीस कशाला?"

"त्याच्यासाठी न्हाई, आक्का," ती म्हणाली. "समदे म्हणायले म्हणून मलाबी खरंच वाटायलं होतं. आईला फोनवर सांगितलं मी, तुझी लेक कामचुकार निघाली म्हणून."